कोणतं पिस्तूल घेऊ, ताई? आधी सातबारा कुणाचा ते पाहू

शेतावर एकटीनं जाणाऱ्या बाईनं जवळ एखादं छोटं पिस्तूल बाळगावं, असा सल्ला हल्ली गावोगावी ऐकू येतो. देणारे कोण असतात? निवृत्त फौजदार, महिला दिनाच्या सत्काराला आलेले पुढारी, कधीही जागलीला न गेलेले शहरातले हितचिंतक. आणि आता आपल्या शिबिरांतून बायकाही विचारू लागल्या आहेत, "ताई, घ्यायचंच झालं तर कोणतं घेऊ? हलकं, लहान, बाईच्या हाताला झेपेल असं?"

मैत्रिणींनो, हा प्रश्न हसण्यावारी नेऊ नका. जिला रात्री अकरा वाजता मोटार सुरू करायला एकटीनं बांधावरून चालत जावं लागतं, तिची भीती खरी आहे. तिला अहिंसेवर प्रवचन देण्याचा अधिकार आपल्याला नाही. म्हणून मी या प्रश्नाचं उत्तर सरळ द्यायचं ठरवलं आहे. बोअर, वजन, किंमत, परवाना, सगळं पाहून. आणि माझं मत आधीच सांगून टाकते. शेतावरच्या बाईला छोटं पिस्तूल सुचवणं ही तिची फसवणूक आहे. ते जनावरापुढे निकामी आहे, माणसापुढे बहुतेक वेळा उपयोगाचं नाही, आणि घरात आलं की ते तिचं राहत नाही.

मी यवतमाळ जिल्ह्यात सव्वातीन एकर कसते. कापूस, तूर, थोडी ज्वारी. रानडुक्कर काय करतं आणि रोही काय करतो, हे मला पुस्तकातून शिकावं लागलेलं नाही.

मखमली पेटीतलं शस्त्र

डिसेंबर २०१२ मध्ये दिल्लीत एका तरुणीवर चालत्या बसमध्ये सामूहिक बलात्कार झाला आणि देश रस्त्यावर आला. आपण काय मागत होतो? तपास नीट करा, खटले लवकर चालवा, बस वेळेवर सोडा, पोलीस ठाण्यात बाईची तक्रार लिहून घ्या. तेरा महिन्यांनी, जानेवारी २०१४ मध्ये, कानपूरच्या सरकारी शस्त्र कारखान्यानं आपल्यापुढे काय ठेवलं? 'निर्भीक' नावाचं रिव्हॉल्व्हर. खास महिलांसाठी! दिल्लीतल्या त्या मुलीला वर्तमानपत्रांनी दिलेल्या 'निर्भया' या नावाशी जुळणारं नाव. बोअर .३२, गोळ्या सहा, वजन ५०० ग्रॅम, टायटॅनियमचा मिश्रधातू. दागिन्यांच्या डब्यासारख्या मरून रंगाच्या पेटीत घालून ते विकायला ठेवलं होतं. किंमत १,२२,३६० रुपये.

त्या वर्षी महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला १६८ रुपये होती. हिशेब करा. एका 'निर्भीक'साठी ७२८ दिवस माती उचलायची. केंद्राच्या कायद्यानं तेव्हा वर्षाला १०० दिवसांच्या कामाची हमी दिली होती. म्हणजे सात वर्षांहून अधिक काळची मजुरी, त्यातला एक रुपयाही पोटात न घालता. आणि हे फक्त शस्त्राचे पैसे झाले, गोळ्या वेगळ्या. मग हे शस्त्र कोणत्या बाईसाठी होतं? खुरपणीला जाणाऱ्या बाईसाठी नक्कीच नव्हतं.

पुढे पश्चिम बंगालमधल्या ईशापूरच्या रायफल कारखान्यानं .२२ बोअरचं, त्याहून हलकं 'निडर' आणलं. ऑगस्ट २०२३ मध्ये कानपूरहून 'प्रबल' आलं, पुन्हा .३२ बोअरचं, पन्नास मीटरपर्यंत मारा करणारं असा दावा करत. नावं पाहा, निर्भीक, निडर, प्रबल. बाईच्या भीतीवर सरकारचं उत्तर काय, तर विशेषणं.

बोअर म्हणजे काय, आणि मारायचं कुणाला?

बंदुकीच्या नळीचा आतला व्यास म्हणजे बोअर. .३२ म्हणजे ०.३२ इंच, साधारण आठ मिलिमीटर. .२२ म्हणजे साडेपाच मिलिमीटर. आपल्या देशात नऊ मिलिमीटरची पिस्तुलं, .३८ आणि .४५५ ची रिव्हॉल्व्हरं 'प्रतिबंधित बोअर'मध्ये मोडतात. ती सामान्य नागरिकाला मिळत नाहीत. म्हणजे परवाना काढून हातात धरायचं शस्त्र घ्यायचं, तर निवड मुख्यतः .३२ आणि .२२ यांतच करावी लागते. छोटं बोअर ही बाईची आवड नाही. कायद्यानं आखून दिलेली ती चौकट आहे.

आता हे शस्त्र शेतात कशाकशावर चालेल ते पाहू.

आपलं पहिलं दुखणं रानडुक्कर. पूर्ण वाढलेला नर शंभर किलोच्या घरात जातो. खांद्यावरची कातडी आणि खालचा थर इतका घट्ट असतो की दुसऱ्या नराचे सुळेही तिथे सहज घुसत नाहीत. रिव्हॉल्व्हरची .३२ ची गोळी साधारण सहा ग्रॅमची, .२२ ची अडीच ग्रॅमची. बारा बोअरच्या बंदुकीच्या काडतुसात जो जोर असतो, त्याच्या दहाव्या भागाइतकाही जोर या दोन्हींत नाही. त्यात नळी वीतभरसुद्धा नाही. अंधारात, हलत्या बॅटरीच्या उजेडात, तुरीच्या ओळींत पळणाऱ्या जनावरावर अशी गोळी लागली तरी ते मरणार नाही, फक्त जखमी होईल. आणि जखमी डुक्कर मागे फिरतं तेव्हा काय होतं, हे जंगलाकाठच्या कोणत्याही गावात विचारा.

कायदा करणाऱ्यांनाही हे माहीत होतं. शस्त्र अधिनियम १९५९ चं कलम १३ वाचा. पिकाच्या राखणीसाठी तिथे ठासणीच्या बंदुकीचा उल्लेख आहे. ती पुरेशी नाही असं परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याला पटलं, तर गुळगुळीत नळीची काडतुसाची बंदूक. ही नळी किमान वीस इंचांची असावी असंही त्यात आहे. शेतीसाठी पिस्तूल हा शब्द त्या कलमात कुठेही नाही. सिंधुदुर्गात आणि गोव्यात शेतीसंरक्षणाच्या ज्या बंदुका आहेत त्या याच प्रकारच्या, लांब नळीच्या. निवडणूक आली की त्या पोलीस ठाण्यात जमा करण्याचे आदेश निघतात आणि माकडं-डुकरं मोकळी सुटतात, ही तिथल्या शेतकऱ्यांची जुनी तक्रार आहे.

शिवाय बंदूक आहे म्हणून डुक्कर मारता येत नाही. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ नुसार उभ्या पिकाचं नुकसान करणारं रानडुक्कर किंवा रोही मारायला वनखात्याची परवानगी लागते. परवानगीविना मारलं तर गुन्हा. म्हणजे शस्त्राचा परवाना एका कचेरीत आणि ते चालवायची परवानगी दुसऱ्या कचेरीत. दोन्हीकडे बाईला प्रश्न एकच, "घरात पुरुषमाणूस कुणी नाही का?"

बिबट्याचं काय? जुन्नर भागात उसाच्या फडात बिबटे राहतात, बायका त्याच फडात ऊस तोडतात. बिबट्या मागून, वाकलेल्या माणसावर येतो. कमरेचं शस्त्र काढून, नेम धरून, घोडा दाबायला जो वेळ लागतो तो त्या बाईला मिळत नाही. आमच्या यवतमाळ जिल्ह्यात राळेगाव-पांढरकवडा भागात टी-१ वाघिणीची दहशत होती. २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री तिला गोळी घालून मारलं गेलं. तोवर तिथल्या बायका कशाच्या आधारावर कापूस वेचत होत्या? एकटीनं न जाता घोळक्यानं जायचं, उजेड असेतो परतायचं, याच आधारावर.

आणि साप. शेतकरी बाईला रात्री सगळ्यात जवळचा धोका सापाचा. देशात २००० ते २०१९ या वीस वर्षांत सर्पदंशानं सुमारे बारा लाख माणसं मेली, असा अंदाज २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासानं मांडला. वर्षाला सरासरी अठ्ठावन्न हजार. सापावर पिस्तूल झाडायला कुणी सांगत असेल तर त्याला आधी शेतात आणा. सापासाठी लागतो घोट्याच्या वरपर्यंतचा बूट, बॅटरी, आणि जवळच्या आरोग्य केंद्रात प्रतिविषाची लस. बुटांची जोडी काही शे रुपयांत येते. ती मखमली पेटीत घालून कुणी सरकारी समारंभात दाखवल्याचं मला आठवत नाही.

मग माणसासाठी?

इथे सल्ला देणारे म्हणतात, "जनावराचं सोडा हो, माणसासाठी तर उपयोगी पडेल!" पाहू या.

राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाचे अहवाल सांगतात की २०१५ ते २०२१ या काळात दर वर्षी बलात्काराच्या नोंदलेल्या गुन्ह्यांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक गुन्ह्यांत आरोपी त्या बाईच्या ओळखीचा होता. नातेवाईक, शेजारी, मालक, मित्र. आणि बायकांविरुद्धच्या गुन्ह्यांत सगळ्यात मोठा आकडा नवऱ्याच्या आणि सासरच्यांच्या छळाचा असतो. शेतावर तर ही ओळख आणखी घट्ट असते. बांध कोरणारा चुलत दीर, उचल देऊन अंगावर हात टाकणारा मुकादम, पाण्याची पाळी चुकवणारा शेजारी, पोरासोरांसमोर मारणारा नवरा. हा माणूस झुडपातून अचानक उडी मारत नाही. तो ओसरीवर बसून चहा पितो. त्याच्यावर पिस्तूल रोखायचं केव्हा? पहिल्या वाईट शब्दाला? बांधावर? आणि रोखल्यावर दुसऱ्या दिवशी त्याच वाटेनं पाण्याला जायचं आहे, हे कोण लक्षात घेणार?

अनोळखी माणसांचा हल्ला होतच नाही असं मी म्हणत नाही. जानेवारी २००१ मध्ये नगर जिल्ह्यातल्या कोठेवाडीवर दरोडा पडला. दरोडेखोर टोळीनं आले, त्यांनी माणसांना मारहाण केली, बायकांवर बलात्कार केले. अशा वेळी सहा गोळ्यांनी काही झालं असतं का? एखाद्या घरात कदाचित झालं असतं. पण झोपेतल्या वस्तीवर टोळी येते तेव्हा पेटीत कुलूपबंद ठेवलेलं शस्त्र आधी तिच्या हाती लागतं की दरोडेखोरांच्या, हा प्रश्न उरतोच.

आणि गावच उठून आलं तर? २९ सप्टेंबर २००६ ला भंडारा जिल्ह्यातल्या खैरलांजीत एका दलित कुटुंबातल्या आईला, मुलीला आणि दोन मुलांना जमावानं मारलं. त्यामागच्या तंट्यात शेतजमीन होती, शेतातून जाणारा रस्ता होता. त्या आईनं पिकवलेल्या जमिनीवर हक्क सांगितला होता. अशा बाईला पिस्तूल सुचवणाऱ्यांनी एक सांगावं. त्या गावात तिला परवाना कुणी दिला असता?

कायद्यात याची सोय आहे, हे आपल्यापैकी फार थोड्या जणींना ठाऊक असतं. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा १९८९ चा. त्याचे नियम १९९५ चे. त्यातला नियम ३ म्हणतो की अत्याचारप्रवण भागात गरज पडली तर दलित-आदिवासींना शस्त्रपरवाने द्यावेत. पण त्याच नियमात त्याआधी काय लिहिलं आहे? गरज पडली तर त्या भागातल्या दलित-आदिवासी नसलेल्यांचे शस्त्रपरवाने रद्द करा, त्यांची शस्त्रं सरकारी शस्त्रागारात जमा करून घ्या, बेकायदा शस्त्रं जप्त करा. हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो. दुबळ्याच्या हाती शस्त्र देण्याआधी बलिष्ठाच्या हातचं काढून घ्या. तुमच्या जिल्ह्यात हे पहिलं पाऊल किती वेळा उचललं गेलं? माहितीच्या अधिकारात अर्ज करून विचारा. आकडा आला की आम्हाला कळवा.

परवाना कुणाच्या नावावर?

पीक राखायला परवाना मागायचा तर पीक तुमचं आहे हे दाखवावं लागतं. सातबारा जोडा म्हणतात. आणि सातबाऱ्यावर आपण कुठे असतो?

२०१५-१६ च्या कृषिगणनेत देशातल्या वहितीधारकांपैकी स्त्रिया सुमारे १४ टक्के निघाल्या. खेड्यातल्या कामकरी बायकांपैकी मात्र बहुसंख्य शेतीतच राबतात. १९८६ मध्ये चांदवडला शेतकरी बायकांचा मोठा मेळावा झाला. पुढे शेतकरी संघटनेनं 'लक्ष्मीमुक्ती'ची मोहीम काढली, घरच्या लक्ष्मीच्या नावावर जमीन करा म्हणून. १९९४ मध्ये महाराष्ट्रानं हिंदू वारसा कायद्यात मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत जन्मानं हक्क दिला, २००५ मध्ये तो देशभर लागू झाला, २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं वडील २००५ च्या आधी वारले असले तरी मुलीचा हक्क शाबूत आहे असं सांगितलं. एवढं सगळं होऊनही तलाठ्यापुढे बहिणींची हक्कसोड पत्रं सह्यांसाठी तयारच असतात. "भावाशी वाकडं नको" म्हणून आपण सही करतो. माझ्या सव्वातीन एकरांवर माझं नाव चढायला सहा वर्षं लागली. तहसील कचेरीतल्या कारकुनानं त्या सहा वर्षांत मला किती हेलपाटे घालायला लावले ते सांगत बसत नाही. ज्यांच्या वाट्याला आलं आहे त्या समजून घेतील.

म्हणजे बाईच्या रक्षणाच्या नावानं घरात शस्त्र आलं तरी अर्ज नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नावानं होतो. जमीन त्याची, परवाना त्याचा, कपाटाची किल्ली त्याची. शस्त्र जातं कुठे? लग्नाच्या वरातीत, सरपंचाच्या निवडणुकीत, भावकीच्या भांडणात. आनंदाच्या भरात हवेत गोळ्या झाडून माणसं मरू लागली, तेव्हा २०१९ च्या दुरुस्तीत त्यासाठी दोन वर्षांपर्यंतच्या कैदेची तरतूद करावी लागली. बायका आनंदानं हवेत गोळ्या झाडतात असं तुम्ही कधी ऐकलं आहे?

समजा परवाना खरोखर तिच्याच नावावर झाला. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार तिला सुरक्षित हाताळणीचं प्रशिक्षण घ्यावं लागेल. ते शहरात. शस्त्र घरी सुरक्षित, कुलपात ठेवावं लागेल. बरोबरच आहे, घरात पोरं असतात. पण कुलपात ठेवलं तर ते शेतात नाही. शेतात नेलं तर ठेवायचं कुठे? नऊवारीला किंवा पाचवारीला खिसा नसतो. कापूस वेचताना ओटीत बोंडं असतात. निंदायला वाकलं की कमरेचं अर्धा किलो पोटात रुततं. बांधावरच्या पिशवीत, भाकरीच्या फडक्याखाली ठेवलं, तर ते पहिल्या येणाऱ्या-जाणाऱ्याचं. ज्यांनी हे शस्त्र बाईसाठी म्हणून घडवलं त्यांनी वजन कमी केलं. बाई दिवसभर काय करते हे मात्र त्यांनी पाहिलं नाही.

घरात आलेलं शस्त्र कुणावर चालतं?

हा या लेखातला सगळ्यात कठीण भाग आहे, पण तो टाळून चालणार नाही. घरोघरी शस्त्रं असलेल्या देशांत काय झालं, ते पाहावंच लागेल.

अमेरिकेत मारहाण सोसणाऱ्या बायकांच्या खुनांचा अनेक शहरांत मिळून अभ्यास झाला, तो २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. मारणाऱ्या जोडीदाराच्या हाताशी बंदूक असेल तर बाईचा खून होण्याचा धोका पाचपटींहून अधिक वाढतो, असं त्यात दिसलं. तिथल्याच कॅलिफोर्निया राज्यात अडीच कोटींहून अधिक प्रौढांच्या नोंदी तपासून २०२० मध्ये आणखी एक अभ्यास पुढे आला. ज्या बायकांनी स्वतःच्या नावानं पिस्तूल घेतलं होतं, त्यांच्यात बंदुकीनं आत्महत्या करण्याचं प्रमाण पिस्तूल नसलेल्या बायकांच्या पस्तीसपट होतं. पस्तीसपट! त्यांतल्या कितीजणींनी ते रक्षणासाठी घेतलं असेल? ज्या जिल्ह्यांत कर्जानं आणि नापिकीनं घरं उद्ध्वस्त झाली, जिथे दारातलं कीटकनाशक दूर कसं ठेवावं यासाठी आपण गावोगावी फिरतो, तिथे आता आणखी एक मरणाचं साधन उशाशी द्यायचं?

दक्षिण आफ्रिकेचा अनुभव याच्या उलट बाजूनं बोलतो. तिथे शेतावरच्या गोऱ्या कुटुंबांत पिस्तूल ही नेहमीची वस्तू होती आणि बायकांच्या खुनांचं प्रमाण भयानक होतं. २००० मध्ये तिथे शस्त्रांवर कडक नियंत्रण आणणारा कायदा झाला. १९९९ आणि २००९ या दोन वर्षांची तिथल्या संशोधक बायकांनी तुलना केली. बंदुकीनं होणारे बायकांचे खून या दहा वर्षांत निम्म्याहूनही कमी झाले. त्या काळात बायकांना कुणी रिव्हॉल्व्हरं वाटली नव्हती. पुरुषांच्या हातातली कमी केली होती.

"मग काय मार खात बसायचं?"

हा सवाल येणार, आणि तो यायलाच हवा. नाही, मार खात बसायचं नाही. स्वतःच्या बचावाचा हक्क कायद्यानं आपल्याला दिला आहे. आधी तो भारतीय दंड संहितेत होता, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत आहे. बलात्काराच्या इराद्यानं हल्ला झाला तर बचावात हल्लेखोराचा जीव गेला तरी तो गुन्हा ठरत नाही. त्यासाठी परवान्याचं शस्त्रच हवं असं कायदा म्हणत नाही. विळा, खुरपं, कुऱ्हाड, हातात येईल ते. ही अवजारं आपल्या हातात रोज असतात, ती चालवायचं शिक्षण आपल्याला झालेलं असतं. बचावाचा हक्क आपल्याला आहे हे गावातल्या किती बायकांना माहीत आहे? पिस्तुलाची जाहिरात होते. या कलमाची होत नाही.

आणि एकटीनं लढण्यापलीकडेही काही आहे. शहादा भागात १९७० नंतरच्या वर्षांत भिल्ल शेतमजूर बायका गावोगाव गेल्या. दारूची मडकी फोडली, बायकोला मारणाऱ्या नवऱ्यांना चारचौघांत जाब विचारला. त्यांच्याजवळ सहा गोळ्यांचं काही नव्हतं. त्या शंभरजणी होत्या. पिस्तुलाच्या सल्ल्यात मला सगळ्यात खटकतं ते हेच, की तो प्रत्येकीला वेगळं पाडतो. तुझी भीती तुझी, तुझं शस्त्र तुझं, वापरता आलं नाही तर चूकही तुझीच. "जवळ होतं ना, मग चालवलं का नाहीस?" उद्या कोर्टात, पोलीस ठाण्यात आणि चावडीवर हा प्रश्न विचारला जाणार आहे. आज कपड्यांवरून विचारतात, उद्या पिस्तुलावरून विचारतील.

आपली यादी

तेव्हा जिला घ्यायचंच आहे तिला मी एवढंच सांगेन. पिकासाठी शस्त्र हवं असेल तर छोटं पिस्तूल नको, कायद्यात सांगितलेली लांब नळीची बंदूक. तीही परवाना तुझ्या नावावर असेल, किल्ली तुझ्याजवळ असेल, घरात मारहाण आणि दारू नसेल, आणि प्रशिक्षण घेतलं असेल तरच. यातलं एकही उत्तर 'नाही' असेल तर तुझ्या घरी शस्त्र येऊ देऊ नकोस. नवऱ्यानं आणायचं म्हटलं तरी अडव.

आणि आपल्या सगळ्यांची मागणी काय असावी?

शेतीला वीज दिवसा द्या. वर्षानुवर्षं या राज्यात शेतीची वीज दिवसा आठ तास किंवा रात्री दहा तास अशी आलटून पालटून मिळत आली. २०१७ मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आली, २०२३ मध्ये तिचा दुसरा टप्पा. ज्या गावात ती पोहोचली नाही तिथे ती कधी पोहोचणार, याची तारीख लेखी मागा. बाईला रात्री शेतात जावंच लागलं नाही, तर अर्धा धोका तिथेच संपतो.

कुंपणाचं अनुदान आणि पीक नुकसानीची भरपाई कसणाऱ्या बाईला तिच्या स्वतःच्या खात्यात द्या. नाव सातबाऱ्यावर नसेल तर ग्रामसभेच्या दाखल्यावर द्या.

प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात सर्पदंशावरची लस आणि ती देणारं माणूस चोवीस तास ठेवा.

वारसनोंदीच्या वेळी विधवेचं आणि मुलींचं नाव न मागता चढवा. हक्कसोड पत्रावर सही घेण्याआधी त्या बाईला एकटीला बसवून विचारा.

ज्याच्यावर बायकोच्या छळाची तक्रार आहे त्याचा शस्त्रपरवाना तत्काळ स्थगित करा, आणि शस्त्र जमा करून घ्या.

ही यादी मखमली पेटीत मावत नाही आणि तिचं उद्घाटन करायला कुणी मंत्री येणार नाही. म्हणून ती आपल्यालाच न्यावी लागेल. पुढच्या ग्रामसभेत यातली एक तरी मागणी ठरावात घ्या, ठरावाची प्रत तहसीलदारांना द्या, पोच घ्या. ज्या गटांनी हे केलं असेल त्यांनी काय अडलं, काय जमलं, ते आम्हाला कळवावं. आणि ज्यांना माझं म्हणणं पटत नाही, ज्यांना वाटतं की शस्त्राशिवाय शेतकरी बाईचा निभाव लागणार नाही, त्यांनीही जरूर लिहावं. हा वाद आपण आपल्यात घालू. बाहेरच्या हितचिंतकांवर तो सोडायला नको.